संच, गळा आणि गायकी : हेवी मेटल गटांच्या बदलत्या घटनेविषयी

गेल्या पावसाळ्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका रिकाम्या गाळ्यात वाद्यांचा सराव करणारी तीन मुले माझ्याकडे आली होती. त्यांपैकी एकजण आमच्या विभागाचा माजी विद्यार्थी. त्यांच्या गटातील चौथा, ज्याने गटाला नाव दिले होते तो, नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि तेथे त्याच नावाचा दुसरा गट उभा करण्याचा त्याचा विचार होता. मागे राहिलेल्या तिघांचा त्याला विरोध होता. भाषाशास्त्राचा अध्यापक नावांविषयी काही निश्चित सांगू शकेल, अशा भाबड्या समजुतीने त्यांनी मला विचारले, ‘‘सर, नाव कोणाचे?’’ मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन त्यांची बोळवण केली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वेळी टाळलेल्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई आहे. वाद्यसंगीताचा मी शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला नाही. परंतु विशेषनामाचा विषय आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणी म्हणणार नाही.

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हेवी मेटल हा विद्युत् गिटारीच्या खरखरीत, जड नादावर आणि ढोलताशांच्या प्रहारावर उभा राहिलेला रॉक संगीताचा एक उग्र प्रकार. त्याचा उगम १९७० च्या आसपासच्या इंग्लंडात. या प्रकारातील गट दीर्घायुषी असतात आणि त्यांतील माणसे सतत बदलत असतात. इंग्रजीत या घटक माणसांच्या जुळणीला जो शब्द आहे त्यासाठी मराठीत ‘संच’ हा शब्द आपोआप सुचतो. तो आला आहे रंगभूमीच्या जाहिरातींतून. ‘मूळ संचात’, ‘नव्या संचात’ हे शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. शब्दाचा धातू ‘सम् + चि’, म्हणजे गोळा करणे, रचणे. नाटकाच्या बाबतीत हा शब्द निर्धास्तपणे वापरता येतो, कारण संचाच्या बाहेर आणि संचाच्या आधी एक संहिता असते. नट बदलले तरी नाटक तेच. मेटल गटाची अडचण अशी की, त्याचे नाव संहितेला लागलेले नसून संचालाच लागलेले असते. आणि तो संच तर बदलत असतो. मग नाव उरते ते कशाचे?

या प्रश्नाची जाणीव आपल्या व्याकरणाला फार पूर्वीपासून आहे. ‘मंडळी’ हा शब्द घ्या. ‘किर्लोस्कर मंडळी नाशिकास गेली आहे’ आणि ‘घरची मंडळी नाशिकास गेली आहेत’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात मंडळी ही एक संस्था आहे, स्त्रीलिंगी, एकवचनी. दुसऱ्यात ती माणसे आहेत, आणि क्रियापद अनेकवचनी होते. गंमत अशी की नुसते ‘मंडळी गेली’ म्हटले तर काहीच ठरत नाही. स्त्रीलिंगी एकवचनाचे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचे रूप एकच. संस्था की माणसे हा निवाडा शेवटच्या ‘आहे’ किंवा ‘आहेत’वर अवलंबून राहतो. आयर्न मेडन हा इंग्लिश गट २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन गेला. त्याविषयी बोलताना माझे काही विद्यार्थी ‘मेडन आला होता’ असे म्हणतात आणि काही ‘मेडन आले होते’ असे म्हणतात. पहिल्यांच्या मनात ‘बँड’ हा पुल्लिंगी शब्द अध्याहृत असतो, दुसऱ्यांच्या मनात माणसे. इंग्लंडातील लेखक अशा नावांना अनेकवचनी क्रियापद जोडतात आणि अमेरिकेतील बहुधा एकवचनी, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणजे हा घोळ एका भाषेचा नाही. तो वस्तूच्याच स्वरूपात आहे.

या ठिकाणी सोस्यूरच्या व्याख्यानांतील आगगाडीचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. जिनीव्हाहून पॅरिसला ठरावीक वेळी जाणारी एक्स्प्रेस रोज ‘तीच’ असते. तिचे इंजिन, डबे, कर्मचारी यांपैकी काहीही कालचे नसले तरी. आपण नाशिककर पंचवटी एक्स्प्रेसविषयी हेच म्हणतो. गाडीची ओळख तिच्या द्रव्यात नसून वेळापत्रकातील तिच्या स्थानात आहे. हे उदाहरण मेटल गटाला लावण्याचा मोह होतो: गिटारवादकाची एक जागा, बेसची एक जागा, तालवाद्यांची एक, गायकाची एक, माणसे येतील आणि जातील, जागा राहतील. परंतु एवढ्याने भागत नाही. पंचवटीचा चालक बदलला म्हणून कोणी प्रवासी हळहळत नाही. गायक बदलला म्हणून मात्र चाळीस चाळीस वर्षे भांडत राहणारे श्रोते मी पाहिले आहेत, आणि त्यांचे भांडण मूर्खपणाचे आहे असे मला वाटत नाही. त्यांना काहीतरी ऐकू येते, जे वेळापत्रकात नसते.

काय ऐकू येते, हे समजण्यासाठी या संगीताच्या जन्मस्थानाकडे जावे लागते. आणि अंबडमध्ये राहणाऱ्याला ते स्थान परके वाटणार नाही. ब्लॅक सॅबथ हा या प्रकारातील आद्य गट १९६८ साली बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जमला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, तारा दाबण्याचे काम याच हाताचे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या, आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पर्यंत तारा दीड स्वराने उतरवून सैल केल्या. तारा सैल झाल्या म्हणजे बोटांना त्रास कमी होतो. त्याचबरोबर नाद खोल आणि जड होतो. ज्या जडपणावरून या सर्व संगीताला नाव पडले त्यात एका कामगाराच्या जखमेचा एवढा वाटा आहे. आमच्या भागात प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसांच्या हातांकडे ज्याने पाहिले आहे त्याला या हकिकतीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता पुढचा भाग महत्त्वाचा. आयोमीच्या बाबतीत उतरलेली तार ही एका विशिष्ट शरीराची खूण होती. धूर जसा अग्नीची खूण असतो तशी. परंतु त्याच्यानंतर जगभरच्या हजारो वादकांनी, ज्यांची दहाही बोटे शाबूत होती, तारा उतरविल्या. त्यांच्या हाती ती खूण राहिली नाही, संकेत झाली. अंबडच्या गाळ्यातील मुलेही तारा उतरवूनच वाजवितात. ज्याला आपण भाषा म्हणतो तीही अशाच रीतीने घडत असावी: कोणा एकाच्या उच्चाराची लकब, मग कुटुंबाची, मग गावाची, मग नियम. आपल्या संगीतपरंपरेत या दोन थरांसाठी फार नेमके शब्द आहेत. एक ‘गळा’ आणि दुसरा ‘गायकी’. गळा ज्याचा त्याचा. तो त्याच्याबरोबर जातो. गायकी शिकता येते, देता येते, तिचे घराणे होते. किराणा हे गावाचे नाव. त्या नावाच्या गायकीतील बहुतेकांनी ते गाव पाहिलेले नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. संच बदलला म्हणजे गळा जाणारच. प्रश्न एवढाच की गायकी मागे राहिली का, आणि ती कोणी कोणाला दिली.

ब्लॅक सॅबथचाच पुढील इतिहास या दृष्टीने पाहावा. १९७९ साली गायक ऑझी ऑस्बर्न याला काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. ऑझीचा आवाज सपाट, तक्रारीच्या सुराचा, गिटारीच्या पाठोपाठ चालणारा. डिओचा भरदार, नाट्यगीताच्या वळणाचा, गिटारीवर स्वार होणारा. ‘हेवन अँड हेल’ ही १९८० ची ध्वनिमुद्रिका मला स्वतःला त्या गटाच्या उत्तम कृतींपैकी वाटते. पण ती १९७० च्या ‘पॅरानॉइड’च्या शेजारी ठेवली तर एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्या वाचल्यासारखे होत नाही, एकाच विषयावरच्या दोन लेखकांच्या कादंबऱ्या वाचल्यासारखे होते. पुढे गळती एवढी झाली की १९८६ च्या ‘सेव्हन्थ स्टार’च्या वेळी मूळ चौघांपैकी आयोमी एकटाच उरला. त्याला ती ध्वनिमुद्रिका स्वतःच्या नावावर काढावयाची होती. कंपनीच्या आग्रहामुळे वेष्टनावर ‘ब्लॅक सॅबथ’ आणि त्यासोबत ‘टोनी आयोमी’ अशी दोन्ही नावे छापावी लागली. एकच माणूस दोनदा मोजला गेल्याचे असे उदाहरण विरळा. याच्या उलट प्रकार २००६ नंतर घडला. आयोमी, बटलर, डिओ आणि ॲपिस हे चौघे, ज्यांनी १९८१ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये ब्लॅक सॅबथ या नावाने ध्वनिमुद्रण केले होते, ते एकत्र आले तेव्हा त्यांनी ‘हेवन अँड हेल’ हे नाव घेतले. जुन्या ध्वनिमुद्रिकेचे नाव गटाचे झाले. माणसे तीच, गायकी तीच, नाव निराळे. नावाच्या मालकीवरून ऑझी आणि आयोमी यांच्यात २००९ मध्ये न्यायालयात दावा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तो आपसांत मिटला. मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅमलाच. २२ जुलैला ऑझी वारला.

या सर्व घडामोडींतून एखाद्याला असे वाटेल की नाव म्हणजे केवळ मालकीची चीज. ज्याच्या हाती दस्तऐवज त्याची. हे मत मला मान्य नाही, आणि त्याचे कारण दुसऱ्या एका गटात सापडते. नेपाम डेथ हाही बर्मिंगहॅमच्या परिसरातलाच. १९८७ साली निघालेल्या ‘स्कम’ या त्याच्या पहिल्या तबकडीच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळे संच आहेत. दोन्हींत समान असा एकच माणूस, तालवादक मिक हॅरिस. त्याच वर्षी शेन एम्बरी बेसवर आला. १९९१ मध्ये हॅरिसही गेला. परिणामी ज्यांना आज जग नेपाम डेथ म्हणून ओळखते त्यांपैकी एकही माणूस त्या पहिल्या तबकडीवर नाही. तरीही ‘हा तो गट नव्हे’ असे गंभीरपणे म्हणणारा श्रोता क्वचितच भेटतो. का? कारण साखळी कोठे तुटलेली नाही. हॅरिस जुन्यांबरोबर वाजला, एम्बरी हॅरिसबरोबर वाजला, नंतरचे एम्बरीबरोबर. प्रत्येक येणारा आधी असलेल्याच्या शेजारी उभा राहून शिकला आहे. भाषा अशीच टिकते. ज्ञानेश्वरांच्या काळची मराठी बोलणारा एकही माणूस हयात नाही. तरी आपण त्यांचीच भाषा बोलतो असे म्हणतो, कारण मध्ये अशी एकही पिढी नाही की जी आपल्या आईबापांशी बोलली नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. डीप पर्पल या गटाचा १९६८-६९ मधील पहिला गायक रॉड एव्हन्स याने १९८० साली, मूळ गट मोडला असताना, सर्वस्वी अपरिचित वादक जमवून त्या नावाने अमेरिकेत कार्यक्रम केले. न्यायालयाने ते बंद पाडले आणि जबर भरपाई बसविली. येथे माणूस मूळचा होता. साखळी मात्र नव्हती. ज्या गीतांसाठी लोक तिकीट काढून आले होते ती त्याने कधी गायिलीच नव्हती, आणि त्याच्या शेजारी उभे असलेल्यांनी ती कोणाकडून घेतलीही नव्हती. (या गटाच्या श्रोत्यांनी त्याच्या संचांना ‘मार्क एक’, ‘मार्क दोन’ असे अनुक्रमांक दिले आहेत. सामान्य श्रोता स्वतः होऊन किती काटेकोर सूचिकार होऊ शकतो याचे मला कौतुक वाटते. आपल्या पाठचिकित्सकांनी दखल घ्यावी.)

ध्वनिशास्त्राच्या अंगानेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. नेपाम डेथसारख्या गटांत गायक ज्या गुरगुरीत गातो तिच्यात मुख्य स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या, एरवी निष्क्रिय राहणाऱ्या कृत्रिम स्वरतंतूंचेही कंपन होते. तुवा प्रदेशातील काही खर्जगायनातही हेच घडते. या कंपनाने आवाजाची वैयक्तिक ओळख बरीच झाकली जाते. बोलताना आपण माणूस ज्या बारकाव्यांवरून ओळखतो त्यांपैकी पुष्कळ त्या गुरगुरीत बुडून जातात. म्हणजे या संगीताचा प्रकार जितका उग्र तितका गळा कमी आणि गायकी अधिक. आणि म्हणूनच त्यात गायक बदलणे श्रोत्यांना तितके जड जात नाही. ऑझी आणि डिओ यांच्यावरून भांडण होते, कारण दोघेही उघड्या गळ्याने गातात.

हे सर्व दूरच्या देशाचे आहे, आपणांस त्याचे काय, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. परंतु हा प्रश्न मराठी माणसाने विद्युत् गिटार पाहण्यापूर्वीच सोडवून पाहिलेला आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली निघाली; संस्थापक अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये. मंडळी चालत राहिली. १९०५ मध्ये बालगंधर्व तीत आले आणि १९१३ मध्ये बाहेर पडून त्यांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्यांनी जुन्या नावावर हक्क सांगितला नाही. नाव घरापाशी राहिले, गळा निघून गेला. आणि प्रेक्षक गळ्याच्या मागे गेले. ललितकलादर्शची गोष्ट याहून निराळी. १९०८ साली ती स्थापन करणारे केशवराव भोसले १९२१ मध्ये, संयुक्त ‘मानापमान’ नंतर तीनच महिन्यांनी, वारले. असा गळा पुन्हा होणे नव्हते. तरी नाव टिकले, कारण ते बापूराव पेंढारकरांकडे गेले आणि बापूराव मंडळीतच वाढलेले होते. पुढे १९४२ साली भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली. नाट्येतिहासकार याला संस्थेची चिकाटी म्हणतात; मी याला गायकीचे हस्तांतर म्हणेन.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या दोन गटांकडे पाहू. पहिला, डीमॉनिक रेझरेक्शन. साहिल मखिजा यांनी तो २००० साली स्थापन केला. त्यांनी स्वतःसाठी ‘डीमनस्टीलर’ हे नाव घेतले आहे. गटाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नावही तेच. त्यानंतर ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डीमन किंग’ (२०१४) आणि ‘दशावतार’ (२०१७) असा क्रम आहे. या काळात गटातून आलेगेलेल्यांची संख्या मोठी आहे. २०१० च्या ध्वनिमुद्रिकेवर मखिजांच्या जोडीला गिटारीवर डॅनियल रेगो आणि बेसवर हुसेन बंदूकवाला होते. २०१४ मध्ये त्या जागी निशिथ हेगडे आणि अश्विन श्रीयान आहेत. तालवाद्यांवर वीरेंद्र कैथ दोन्हींत आहेत. म्हणजे साखळी आहे. आणि ऐकताना ती जाणवतेही: दुपदरी गायन, एका ओळीत गुरगुर आणि दुसरीत उघडा सूर, हे या गटाचे व्यवच्छेदक लक्षण कायम राहिले आहे. ते दोन्ही आवाज एकाच माणसाचे असल्यामुळे कायम राहणे अवघड नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

माझा आक्षेप नेमका येथेच आहे. २०१० ची ध्वनिमुद्रिका ऐकताना वाद्यांत एक प्रकारची गर्दी आहे. कळफलकाचे पडदे, गिटारीचे पडदे, एकमेकांना ढकलणारे. चार-पाच माणसे एका खोलीत होती हे कानांना समजते. ‘दशावतार’मध्ये रचना अधिक मोकळी आणि अधिक सफाईदार आहे, भारतीय वाद्यांना जागा मिळाली आहे, विषय आपल्या घरचा आहे. प्रत्येक गीताला एकेका अवताराचे नाव आणि त्यापुढे इंग्रजीत त्याचा अर्थ किंवा बिरुद, अशी शीर्षके आहेत. परंतु नव्या माणसांनी गटाच्या बोलीत कोणता नवा शब्द घातला हे मला शोधूनही सापडले नाही. त्यांनी भाषा निर्दोष आत्मसात केली. ती बदलली नाही. जिवंत भाषेत नवी पिढी काही चुका करते आणि त्या चुकाच पुढे व्याकरण होतात. सफाईने मिळविलेले सातत्य हे सातत्य खरे, पण ते एका माणसाच्या स्मरणावर उभे आहे. अण्णासाहेबांनंतरच्या किर्लोस्कर मंडळीत शेवटपर्यंत माणसे उत्तमच होती, हे विसरू नये.

असे असले तरी हा गट म्हणजे मखिजाच, बाकीचे भाडोत्री, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आणि त्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा त्यांनी स्वतःच दिला आहे. एकट्याने, निरनिराळ्या देशांतील वादकांना गाठून जे काम ते करतात, उदाहरणार्थ २०१६ ची ‘धिस बर्डन इज माइन’ किंवा २०२३ ची ‘द प्रोपगँडा मशीन’, ते डीमॉनिक रेझरेक्शन या नावाने येत नाही. ते ‘डीमनस्टीलर’ या नावाने येते. म्हणजे गळा तोच, रचनाकार तोच, गायकीही पुष्कळशी तीच असताना त्यांनी दोन नावे वेगळी ठेवली आहेत. आयोमीला १९८६ मध्ये जी सीमारेषा आखू दिली गेली नाही ती येथे स्वेच्छेने आखलेली आहे. त्या रेषेच्या अलीकडे जे आहे त्यात दुसऱ्यांचाही वाटा आहे, अशी ही अप्रत्यक्ष कबुली मी समजतो. दशावताराचा विषय अशा गटाने निवडावा, ज्याच्या नावातच पुनरुत्थान आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे: देह दहा, ओळख एक. कोकणातील दशावतारी मंडळांची परंपराही या संदर्भात आठवते. तेथे लिखित संहितेवाचून, केवळ आख्यान ठरवून, नट रंगमंचावर संवाद रचतात आणि हंगाम बदलला की पुष्कळदा मंडळही बदलतात. पण तेथे नव्या नटाने स्वतःचे काही बोलावे अशीच अपेक्षा असते. या ध्वनिमुद्रिकेत मला त्याच गोष्टीची उणीव भासली.

दुसरा गट इंडस क्रीड. याला काटेकोर अर्थाने हेवी मेटल म्हणणे जाणकारांस रुचणार नाही. तो हार्ड रॉकचा. परंतु मुंबईतील त्यानंतरच्या सर्वांना त्याने वाट करून दिली. १९८४ साली तो ‘रॉक मशीन’ या नावाने निघाला, त्या नावाने १९८८ आणि १९९० मध्ये दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि १९९३ मध्ये त्याने नावच बदलले. माणसे पुष्कळशी तीच. बदलला तो रोख. पश्चिमेकडच्या आदर्शाची उत्तम नक्कल करण्याचा काळ संपला आणि १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ या ध्वनिमुद्रिकेत येथल्या सुरावटी आणि वाद्ये येऊ लागली. माझ्या मते हा आपल्याकडील सर्वांत प्रामाणिक नामांतराचा प्रसंग आहे. गायकी बदलल्यावर त्यांनी नाव बदलले. गळे तेच आहेत म्हणून नाव ठेवले नाही. १९९७ मध्ये गट विसर्जित झाला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे, त्यांच्यासोबत रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नवे दोघे, असा संच पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आली. मध्ये तेरा वर्षांचे अंतर होते. साखळी तुटली होती काय? मला वाटते, नाही. कारण ज्यांच्याकडे गायकी होती तेच परत आले आणि नव्यांनी ती त्यांच्या शेजारी उभे राहून घेतली. इतकेच नव्हे तर बेस आणि तालवाद्ये यांच्या जागी आलेल्या या दोघांनी ती जरा वाकविलीही. ‘इव्हॉल्व्ह’मधील लय १९९५ च्या लयीहून अधिक गुंतागुंतीची आहे. डीमॉनिक रेझरेक्शनमध्ये जे मला सापडले नाही ते येथे सापडते. मात्र येथे हेही सांगितले पाहिजे की, वयाने प्रौढ झालेला उघडा गळा लपविता येत नाही, आणि त्यांनी तो लपविण्याचा प्रयत्न केलेला नाही.

अंबडच्या मुलांना हे सर्व मी नंतर सांगितले. त्यांपैकी तालवाद्य वाजविणाऱ्याने एक रास्त प्रश्न केला. पुण्यास गेलेल्या मित्राच्या जागी त्यांनी घेतलेला नवा गिटारवादक त्या मित्राला कधी भेटलेला नाही. त्याने सर्व गीते भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रणे ऐकून बसविली आहेत. हे शेजारी उभे राहणे धरायचे की नाही? मी म्हटले, उरलेले तुम्ही तिघे त्याच्या शेजारी आहात ना, मग धरावे. परंतु माझे मलाच ते उत्तर पुरते पटलेले नाही. ध्वनिमुद्रण हे गुरू होऊ शकते की ते केवळ संहिता आहे, हा प्रश्न आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या संदर्भात अनेकदा चर्चिला गेला आहे. मेटल संगीतात तो अधिक तीव्र होतो, कारण तेथे प्रारंभापासून बहुतेक सर्व शिक्षण तबकडीवरूनच झालेले आहे. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने मुंबई, पुणे आणि नाशिक येथील गटांच्या ध्वनिमुद्रणांची संचवार सूची केली, आणि कोणता वादक कोणाबरोबर किती काळ वाजला हे प्रत्यक्ष मुलाखती घेऊन नोंदविले, तर वरील विधानांपैकी किती टिकतात हे तपासता येईल. अंबडच्या गटापासून आरंभ करण्यास हरकत नाही. गाळा रविवारी दुपारी उघडा असतो.